६ मिनिटं २४ सेकंद

परवा भाच्याचा धाराशिवहून फोन. (आमच्या पिढीच्या तोंडातून अजून उस्मानाबादच निघतं. 2023 ला नाव बदललं, जीभ काही बदलत नाही.) अकरावीत आहे, सोळा वर्षांचा. शाळेच्या क्रॉसकंट्रीत नाव दिलंय, पण खरा डोळा दोन वर्षांनी येणाऱ्या पोलीस भरतीवर. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदात मारले की 20 पैकी 20 मार्क. हा पळतो 6:24 मध्ये. "मामा, रोज सकाळी सोळाशे जीव तोडून पळतोय, महिनाभर टायमिंग हलेना. आता नडगी पण दुखायलीय."

मी सॉफ्टवेअरवाला. प्रोग्राम हळू चालत असेल तर तोच पुन्हापुन्हा रन करून तो फास्ट होत नाही, एवढं मला कळतं. पण धावण्यातलं काय कळतं? म्हणून शनिवार-रविवार जरा जुनी पानं उलटली.

पहिला माणूस सापडला तो बेळगावचा, फडेप्पा चौगुले. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती झाल्या. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा. तिथे शेतकरी घरातली पोरं अनवाणी पळत होती, शास्त्रशुद्ध ट्रेनिंगचा पत्ता नाही, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्यांच्या जवळपास जात होत्या. हे बघून टाटांनी 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायचं मनावर घेतलं. चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले, 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. त्या वर्षी मॅरेथॉन होती 42.75 किलोमीटरची. मी भागाकार केला: किलोमीटरला जेमतेम चार मिनिटं. भाच्याचे 6:24 म्हणजेसुद्धा किलोमीटरला बरोबर चार मिनिटं! फरक इतकाच की हा त्या वेगात सोळाशे मीटरला गार होतो आणि चौगुले पावणेत्रेचाळीस किलोमीटर गेले.

म्हणजे पायात वेग आहे, दम नाही. हे कोडं ऑकलंडच्या आर्थर लिडियार्ड नावाच्या माणसाने सोडवलं. पोटापाण्याला बूट बनवणारा हा गडी. स्वतःवरच प्रयोग करत त्याने ठरवलं, की आधी महिनोनमहिने लांब आणि सोसवेल इतक्याच वेगात पळायचं, जोर लावायचा तो शर्यती जवळ आल्यावर. त्याची पोरं आठवड्याला शंभर मैल करायची, आठशे मीटरवालासुद्धा! लोक हसले असणार. पण 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी त्याच्या पीटर स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हालबर्गने 5000 मीटरचं सोनं आणलं. (भाच्याने शंभर मैलांचा आकडा वाचूच नये. ती मोठी माणसं होती, वर्षानुवर्षं तयार झालेली.)

आता आपल्या शेजारचा माणूस. अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा. शाळा सहा किलोमीटर, गाडीघोड्याची सोय नाही, मग कधी चालत कधी पळत. त्याला हे ट्रेनिंग आहे असं कुणी सांगितलं नव्हतं, पण लिडियार्डने पाहिलं असतं तर खूश झाला असता. बारावीनंतर 5 महार रेजिमेंट, सियाचीन, राजस्थान, सिक्कीम. 2015 च्या सुमारास सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला, म्हणजे विशी ओलांडल्यावर! पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळवलं.

त्यातला राष्ट्रीय विक्रम गोपाळ सैनींचा होता, 8:30.88, 1981 चा. साबळेने तो 2018 ला भुवनेश्वरमध्ये मोडला, 8:29.80. सदतीस वर्षांचा विक्रम, आणि मोडला केवळ एका सेकंदाने. मग? 2019 मध्ये 8:28.94, 8:25.23, 8:21.37. 2021 मध्ये 8:20.20 आणि 8:18.12. 2022 मध्ये 8:16.21, 8:12.48, 8:11.20. 2024 च्या जुलैत पॅरिसला 8:09.91.

ही आकड्यांची रांग मी एक्सेलमध्ये टाकून बघितली (सवय!). दहा वेळा विक्रम, सहा वर्षं, एकूण कमाई वीस सेकंदांना थोडी कमी. आणि एकाही टप्प्यात चार सेकंदांहून जास्त उडी नाही. सगळ्यात मोठी उडी 3.86 ची, तीही दोहात तीन दिवसांच्या अंतराने: प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूमुळे अडखळला, भारताने दाद मागितल्यावर फायनलमध्ये जागा मिळाली, आणि तिथे त्याने आपलाच विक्रम पुन्हा मोडला. नंबर आला तेरावा. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळालं, सोनं 0.05 सेकंदाने हुकलं. 1998 पासून तिथली तिन्ही पदकं केनियाचीच असायची.

आता भाच्याला 74 सेकंद कमी करायचेत आणि महिनाभरात होईना म्हणून पोरगं रडकुंडीला आलंय. अर्थात नवख्याची वेळ साबळेपेक्षा भराभर उतरते, तिथे जागाच भरपूर असते. पण रोज परीक्षा दिली तर अभ्यास करणार कधी?

रविवारी रात्री फोन केला. म्हटलं, आधी नडगी. दुखणं थांबेपर्यंत पळणं बंद, नाहीच थांबलं तर डॉक्टर, उगाच मर्दुमकी नको. मग आठवड्यातून चार दिवस पळायचं, डांबरी सोडून मातीवर, शेजारच्या पोराशी गप्पा मारता येतील इतकंच हळू. त्यातला एक दिवस लेण्यांच्या बाजूला, चढ-उतारावर. जोराचं पळणं आठवड्यातून एकदा, 400 मीटरचे चार तुकडे, मध्ये पुरेशी विश्रांती. सोळाशेचं टायमिंग महिन्यातून एकदाच.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "मामा, एवढं हळू पळालो तर पोरं हसतील की."

"ग्राउंडवर पहाटे किती वाजता येतात पोरं?"

"साडेपाचला."

"मग तू पाचला जा."