कायोटीची शिकार व काडतुसाची निवड : कातड्याच्या मोलाचा इतिहास

शस्त्रांचा इतिहास बहुधा युद्धांच्या अनुरोधाने लिहिला जातो. शिकारीच्या शस्त्रांचा विचार झालाच तर तो मोठ्या जनावरांपुरता मर्यादित राहतो. परंतु एखादा समाज एखाद्या प्राण्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे कित्येकदा त्या प्राण्यावर झाडल्या जाणाऱ्या गोळीच्या रचनेवरूनही उमगते. उत्तर अमेरिकेतील कायोटी या प्राण्याच्या शिकारीत वापरल्या गेलेल्या काडतुसांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. कायोटी हा शत्रू मानला जात होता तोवर त्याच्या कातड्याचे काय होते याची फिकीर कोणी केली नाही. कातड्याला मोल येताच मात्र प्राणी तत्काळ मरावा आणि कातडे अखंड राहावे, अशा दोन अपेक्षा एकाच गोळीकडून केल्या जाऊ लागल्या. या दोन अपेक्षांचा मेळ कसा घातला गेला व तो कोठे फसला, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

कायोटी हा लांडग्याहून लहान, आपल्याकडील कोल्ह्याहून सामान्यतः मोठा असा श्वानकुलातील प्राणी असून त्याचे वजन साधारणतः आठ ते वीस किलोग्रॅम भरते. मेजर लाँग यांच्या मोहिमेत मिसुरी नदीकाठी मिळालेल्या नमुन्यावरून टॉमस से यांनी १८२३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हिवाळ्यात त्याच्या अंगावर लांब केसांचे दाट आवरण येते व त्याच काळात कातड्याला भाव मिळतो. हे कातडे पोट न चिरता नळीसारखे अखंड सोलून ताणून वाळवितात. गोळीचे बारीक भोक शिवून झाकता येते. परंतु तळहाताएवढी फाटलेली जागा झाकता येत नाही आणि मालाची प्रत उतरते.

एकोणिसाव्या शतकातील फरच्या व्यापाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. त्या काळच्या रायफलींच्या जाड शिशाच्या गोळीने लहान प्राण्याच्या कातड्याची नासाडी होई. म्हणूनच फरसाठी बंदुकीपेक्षा पोलादी सापळ्यावर व विषावर अधिक भिस्त असे. १८६० ते १८८० या काळात पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात ‘वुल्फर’ म्हणून ओळखले जाणारे लोक गव्यासारख्या बायसनच्या मृत देहात स्ट्रिक्नीन भरून ठेवीत आणि ते खाऊन मेलेल्या लांडग्यांची व कायोटींची कातडी गोळा करीत. कोकणात काजरा या नावाने परिचित असलेल्या वृक्षाच्या बियांत जे विष असते तेच हे. कातडे अखंड राही. पण मरण अत्यंत यातनामय असे, आणि त्या मांसाला तोंड लावणारे गरुड, कुत्रे व इतर प्राणीही बळी पडत. कातड्याची शुद्धता आणि मरणाची शुद्धता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथेच प्रथम स्पष्ट होते.

पुढे मेंढपाळी वाढली आणि कायोटीचे स्थान बदलले. तो आता पणनाचा विषय न राहता उपद्रवी ठरला. कॅलिफोर्नियाने १८९१ मध्ये दर कायोटीमागे पाच डॉलरांचे बक्षीस ठेवले व त्यासाठी डोक्याचे कातडे पुरावा म्हणून पुरेसे मानले. १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हिंस्र प्राण्यांच्या निर्मूलनासाठी सव्वा लाख डॉलर मंजूर केले आणि १९३१ च्या कायद्याने या कार्यास स्थायी स्वरूप दिले. डोक्याचे कातडे दाखविले की बक्षीस मिळते, अशा व्यवस्थेत उरलेल्या कातड्याच्या चिंध्या झाल्या तरी शिकाऱ्याचे काही बिघडत नव्हते.

याच सुमारास गोळीच्या शास्त्रात मूलभूत परिवर्तन घडले होते. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने निर्धूम दारू सिद्ध केली व गोळीचा वेग पुष्कळ वाढला. त्या वेगाला उघडे शिसे टिकेना, म्हणून त्यावर कठीण धातूचे वेष्टन आले. पूर्ण वेष्टित गोळी शरीरातून आरपार जाते, पण तत्काळ लोळवीत नाही, अशी तक्रार ब्रिटिश सैन्यात झाली. तेव्हा कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यात टोकाचे शिसे उघडे ठेवलेली, देहात शिरताच फुलणारी गोळी तयार करण्यात आली. १८९९ च्या हेग येथील घोषणेने युद्धात अशा गोळ्यांना मनाई केली. शिकारीत मात्र न्याय उलटा लागला. माणसाच्या बाबतीत जी क्रूर ठरली तीच फुलणारी गोळी जनावराच्या बाबतीत दयेची मानली गेली. कारण आरपार गेलेल्या गोळीने घायाळ झालेला प्राणी दूर जाऊन तडफडत मरतो.

१९३० नंतर अमेरिकेत लहान व्यासाच्या, अतिवेगवान काडतुसांची परंपराच सुरू झाली. प्रथम २२ हॉर्नेट आले. १९३५ मध्ये विंचेस्टर कंपनीने २२० स्विफ्ट आणले, त्याची ४८ ग्रेनची, म्हणजे सुमारे ३.१ ग्रॅमची गोळी सेकंदाला १,२५० मीटर वेगाने सुटे. १९५० मध्ये रेमिंग्टन कंपनीचे २२२ आले. २२-२५० हे काडतूस बंदूक-कारागिरांनी आधीच घडविले होते. १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला कारखानी रूप दिले. ही सारी काडतुसे मुख्यतः बिळे करणाऱ्या शेतनाशक प्राण्यांना लांबून अचूक टिपण्यासाठी होती. गोळी सपाट मार्गाने जावी आणि आदळताच फुटावी, म्हणजे ती उसळून इतरत्र जाणार नाही, एवढीच अपेक्षा होती. कातड्याचा विचार त्यांच्या घडणीत नव्हता.

तो विचार १९७० च्या दशकात अग्रभागी आला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या आदेशाने संघराज्याच्या जमिनीवर हिंस्र प्राण्यांना विष घालण्यावर निर्बंध आले. त्याच दशकात लांब केसांच्या फरची मागणी वाढली व कायोटीच्या कातड्याचा भाव कित्येक पटींनी चढला. उपद्रवी प्राणी पुन्हा माल ठरला आणि हाती असलेल्या काडतुसांचा दोष डोळ्यांत भरू लागला.

हा दोष मुख्यतः गोळी जेथून बाहेर पडते तेथे दिसतो. आत शिरताना गोळी आपल्या व्यासाएवढेच भोक पाडते. पण फुललेली गोळी, तिचे तुकडे आणि हाडांच्या कपच्या पलीकडच्या बाजूने बाहेर पडताना कातडे आतून फाडतात. गोळीने आत शिरावे, सारी ऊर्जा छातीच्या पोकळीत खर्च करावी व बाहेर पडूच नये, हा आदर्श यातूनच उद्भवला. १९७१ मध्ये आलेले १७ रेमिंग्टन या आदर्शाच्या सर्वांत जवळ गेले. त्याची २५ ग्रेनची, म्हणजे अवघी १.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे १,२३० मीटर वेगाने जाते. तिची ऊर्जा ५५ ग्रेनच्या गोळीसह वापरलेल्या २२-२५० च्या निम्म्याहून थोडीच अधिक आहे. ती बहुधा देहातच विरून जाते. परंतु ती वाऱ्याने सहज ढळते, नळीत तांब्याचा थर लवकर साचतो आणि खांद्याच्या हाडावर आदळल्यास ती वरच्या वर फुटून उथळ, रुंद जखम करते. मग कातडेही जाते आणि प्राणीही तत्काळ मरत नाही.

दुसरा पर्याय पूर्ण वेष्टित गोळीचा. तिने दोन्ही बाजूंस लहान भोके पडतात. पण हृदय किंवा मज्जारज्जू चुकल्यास प्राणी जखमी अवस्थेत दूर पळतो. सापडलाच नाही तर अखंड कातड्याचा काय उपयोग? शिवाय अशी गोळी दगडावरून उसळण्याचा धोका मोठा. तिसरा पर्याय २४३ विंचेस्टरसारख्या अधिक वजनाच्या काडतुसाचा. ते वाऱ्यात स्थिर राहते व लांबवर परिणामकारक ठरते, परंतु त्याच्या फुलणाऱ्या गोळीने पडणारे बाहेरचे भोक बहुधा मोठे असते. निर्दोष असे काडतूस एकही नव्हते. प्रत्येक निवडीत काहीतरी गमवावे लागे.

अनुभवी शिकाऱ्यांनी या कोड्याचे उत्तर केवळ काडतुसात शोधले नाही. सशाच्या आर्त स्वराची नक्कल करणारी शिटी वाजवून कायोटीला जवळ बोलाविण्याची पद्धत रूढ झाली. शंभर मीटरांच्या आत, समोरून येणाऱ्या प्राण्याच्या छातीत मारलेल्या गोळीला देहाच्या लांबीतून जावे लागते. त्यामुळे मध्यम शक्तीची गोळीही बाहेर न पडता काम करते. अंतर व कोन हे काडतुसाइतकेच निर्णायक ठरले. कातडे वाचविण्यासाठी शिकाऱ्याला संयम शिकावा लागला, आणि त्या संयमाचा लाभ मरणाऱ्या प्राण्यालाही झाला.

तथापि हा मेळही निष्कलंक नव्हता. देहात विरून जाणारी गोळी म्हणजे देहात विखुरलेले शिसे. सोललेला देह रानात टाकून दिला की ते शिसे मांसभक्षक पक्ष्यांच्या पोटात जाते. कॅलिफोर्नियातील काँडर या दुर्मिळ गिधाडाच्या मृत्यूंत शिशाच्या विषबाधेचा मोठा वाटा आढळला. त्या राज्याने २०१३ मध्ये कायदा करून १ जुलै २०१९ पासून वन्य प्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांना संपूर्ण मनाई केली. पर्यायी अखंड तांब्याची गोळी तुकडे न होता बहुधा आरपार जाते. म्हणजे कातड्याचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. चूर्ण होणाऱ्या बिनशिशाच्या गोळ्या हे त्यावरचे अलीकडचे उत्तर होय. दरम्यान फरची बाजारपेठही आक्रसली. कायोटीच्या फरची किनार लावलेल्या कोटांसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅनडा गूज कंपनीने २०२१ मध्ये फरचा वापर थांबविण्याचा निर्णय जाहीर केला.

या इतिहासावरून एक गोष्ट निश्चित दिसते. कायोटीसाठी योग्य काडतूस कोणते, या प्रश्नाचे उत्तर गोळीचे वजन व वेग यांच्या कोष्टकात पूर्णतः कधीच नव्हते. विषाच्या काळी कातडे वाचले, पण रानावर मृत्यू पसरला. बक्षिसाच्या काळी कातड्याची किंमतच उरली नाही. फरच्या तेजीत कातडे व मरण यांचा मेळ बसला, पण शिसे रानात राहिले. प्रत्येक काळाने आपल्याला ज्या हानीची किंमत मोजावी लागत होती तेवढीच हानी टाळली, आणि उरलेली हानी ज्यांना बाजारात भाव नव्हता अशा जीवांच्या वाट्यास गेली.