मराठी शाळांतील इंग्रजी शब्दसंपत्ती : कोश, भाषांतर आणि विषयाध्ययन

महाराष्ट्रातील इंग्रजी शिक्षणाचा इतिहास बहुधा धोरणांचा आणि संस्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. विद्यार्थ्याच्या पदरी इंग्रजी शब्द कोणत्या मार्गाने पडले, आणि नित्य व्यवहारातील सोप्या शब्दांपलीकडचे, ग्रंथवाचनास अवश्य असे प्रौढ शब्द त्याला कसे साध्य झाले, या प्रश्नाकडे त्यामानाने कमी लक्ष गेले आहे. वास्तविक उच्च शिक्षणाचे दार ज्याच्या योगाने उघडते अथवा बंद राहते, ते साधन हेच होय. या साधनाच्या घडणीचे टप्पे पाहिले असता असे दिसून येते की, प्रौढ इंग्रजी शब्द मराठी विद्यार्थ्याला दोन वाटांनी मिळत आले : एक मराठी प्रतिशब्दाची आणि दुसरी विषयाध्ययनाची.

पहिल्या वाटेचा आरंभ कोशकारांनी केला. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० साली श्रीरामपूर येथे छापला गेला. व्हान्स केनेडी यांच्या १८२४ च्या कोशात मराठी-इंग्रजी आणि इंग्रजी-मराठी असे दोन्ही भाग होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली सिद्ध झाला. त्याच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे चाळीस हजार आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. हे कोश प्रथमतः सरकारी अधिकारी, मिशनरी व भाषांतरकार यांच्या उपयोगासाठी होते. मराठी शब्द परकीयास कळावा, हा त्यांचा मुख्य हेतू. शाळेतील मुलाची गरज याच्या नेमकी उलट होती. ती भागविणारा इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थ यांनी हाती घेतला. परंतु प्रकृतिअस्वास्थ्यामुळे त्यांस १८३६ साली स्वदेशी परतावे लागले आणि ते कार्य थॉमस कँडी यांनी १८४७ साली पूर्ण केले. पुढे नीळकंठ बाबाजी रानडे यांच्या विस्तृत इंग्रजी-मराठी कोशाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही परंपरा आणखी पुढे नेली. अमूर्त अर्थाच्या इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द शोधताना या कोशकारांस मराठीचेही सामर्थ्य अजमावावे लागले, हा या उद्योगाचा दुसरा लाभ होय.

कोश हे भांडार असले, तरी त्यातून शब्द उचलून विद्यार्थ्याच्या वाक्यात रुजविणे हे पाठ्यपुस्तकाचे काम. ते द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या ‘भाषांतर पाठमाले’ने केले. शब्दांची यादी, व्याकरणाचा नियम आणि लागलीच दोन्ही भाषांत भाषांतरासाठी वाक्ये, अशी तिची चढत्या क्रमाची रचना होती. या पद्धतीने संभाषण येत नाही, हा तिच्यावरील आक्षेप यथार्थ आहे. तथापि, एखादा शब्द भाषांतरात योजावयाचा म्हणजे त्याच्या अर्थाची मर्यादा ओळखावी लागते, आणि ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांस तिने लावली. पुण्यात १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे अध्यापक वामन शिवराम आपटे यांनी इंग्रजी-संस्कृत आणि संस्कृत-इंग्रजी असे दोन्ही कोश रचिले. त्या काळी भाषाशिक्षक आणि कोशकार ही दोन निराळी माणसे नव्हती, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दुसरी वाट इंग्रजीच्या तासाबाहेरची होती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेकडे दृष्टी ठेवून माध्यमिक शाळांचा अभ्यास आखला जाऊ लागला. इतिहास, भूगोल, भूमिती हे विषय इंग्रजीतूनच शिकावे लागत. यात मुलांचे फार श्रम आणि पुष्कळ अर्थहीन घोकंपट्टी होती, हे नाकारता येत नाही. पण प्रौढ शब्द पाठोपाठ, निरनिराळ्या संदर्भांत भेटत असल्यामुळे पक्के होत. विसाव्या शतकात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम क्रमाने मराठी झाले. हा बदल न्याय्य होता. मात्र विषयांच्या पुस्तकांनी आजवर उचललेला शब्दशिक्षणाचा भार आता कोणी वाहावयाचा, याचा पुरेसा विचार झाला नाही. उलट स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवण्यात आले. भार वाढला आणि वर्षे घटली. इंग्रजी शाळांची ओढ मात्र कमी झाली नाही. अशा शाळांत अँग्लो-इंडियन वा आशियेतर वंशाच्या बालकांखेरीज इतरांना प्रवेश देण्यास मनाई करणारा राज्य सरकारचा जानेवारी १९५४ चा आदेश त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला.

याच सुमारास शब्दांची निवड शास्त्रशुद्ध रीतीने करण्याचे प्रयत्न परिपक्व झाले होते. ढाक्यास अध्यापन केलेले मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे दोन हजार सर्वोपयोगी इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमध्ये ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक ग्रंथांतील ५७० शब्दकुलांची यादी दिली. त्यांनी तपासलेल्या ग्रंथसंचयात वेस्ट यांच्या शब्दांनी सुमारे ७६ टक्के आणि या ५७० कुलांनी आणखी १० टक्के मजकूर व्यापला होता. माध्यमिक विद्यार्थ्याचा खरा अडसर हा दहा टक्क्यांचा आहे. यांतील बहुसंख्य शब्द लॅटिन व ग्रीक मुळांचे आहेत, आणि येथेच मराठी विद्यार्थ्याजवळ एक दुर्लक्षित ठेव आहे. ‘प्रोग्रेस’ आणि ‘प्रगती’ या दोहोंत पुढे जाण्याचीच कल्पना आहे. ‘डिपेन्डन्ट’ आणि ‘अवलंबित’ यांत खाली लोंबण्याचे चित्र एकच. ‘ऑब्जेक्शन’ आणि ‘आक्षेप’ दोन्हीकडे काहीतरी समोर फेकणे आहे. ‘रिफ्लेक्शन’ आणि ‘परावर्तन’ यांत मागे वळणे आहे. उपसर्ग आणि धातू यांची फोड करण्याची सवय असलेल्या मुलास असे शब्द अपरिचित वाटत नाहीत.

या पार्श्वभूमीवर नवी मुंबईचे उदाहरण विचारणीय ठरते. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि ठाणे, उरण व पनवेल परिसरातील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर वसले. आगरी-कोळी वस्तीच्या गावांशेजारी देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे राहू लागली. तेथील इंग्रजी शाळांच्या वर्गात घरभाषा अनेक असल्याने मराठी प्रतिशब्दाची वाट सर्वांस खुली नसते. मराठी शाळांत ती खुली आहे, पण सुगम आहे असे नव्हे. आगरी बोली बोलणाऱ्या घरातील मुलास ‘परावर्तन’ हा शब्दही ‘रिफ्लेक्शन’इतकाच नवा असतो. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. विज्ञान व गणित इंग्रजीतून शिकविणाऱ्या सेमी-इंग्रजी वर्गांनी विषयाध्ययनाची जुनी वाटही अंशतः पुन्हा उघडली. परंतु ज्या वर्गात केवळ इंग्रजी संज्ञा दिली जाते आणि मराठी संज्ञा गळते, तेथे मुलाच्या हाती अर्थाची फोड येत नाही, नुसता ध्वनी येतो.

एकंदरीत, केवळ वर्षे वाढविल्याने वा याद्या पाठ केल्याने प्रौढ शब्दसंपत्ती निर्माण होत नाही, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय. कँडींचा कोश, तर्खडकरांची पाठमाला आणि विषयांची इंग्रजी पुस्तके यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नव्हते. ती एकमेकांस पूरक होती. ज्या घरात ग्रंथांची भाषा बोलली जात नाही, त्या घरातील मुलास प्रौढ मराठी आणि प्रौढ इंग्रजी ही दोन्ही शाळेतच मिळावयाची असतात. त्यास दोन्ही शब्द शेजारी ठेवून शिकविले, तर एकाच श्रमात दोन भाषांची जोड होते. त्यांतील एक काढून घेतला, तर दुसऱ्याचाही आधार सुटतो, आणि ही हानी ज्यांच्यापाशी अन्य साधन नाही त्यांनाच सर्वांत अधिक सोसावी लागते.