दाओ म्हणजे मग्ग

अजिंठ्याची लेणी आमच्या सोयगाव तालुक्यात, नाव मात्र घाटावरच्या गावाचं. शाळेची सहल घेऊन गेलो की गारगोट्या विकणाऱ्यांतून वाट काढत मी पोरांना आधी सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी नेई. तिथे दारापाशी दोन दगडी हत्ती आहेत. चिनी यात्री ह्युएनत्संगने सातव्या शतकात महाराष्ट्रातल्या एका डोंगरी विहाराचं वर्णन केलं, त्यातही दाराबाहेर दगडी हत्ती आहेत. ते ओरडले की भूमी हादरते, असं लोकांनी त्याला सांगितलं. मग पोरं हत्तीला कान लावून बसत.

तो विहार बांधणाऱ्या अर्हताचं नाव चिनी लिपीत अडकलेलं. सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात ‘अचल’ येतो. तोच हा, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्या डोंगराचा माणूस चिनी पानांत सापडावा, याची मला फार गंमत वाटते.

अशी पानं वाचणारा माणूस पुण्यात होता. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ त्या काळी समग्र रूपात उरला होता तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरातच. बापटांनी तो बुद्धघोषाच्या पाली ‘विसुद्धिमग्गा’शेजारी ठेवून तपासला, 1932 साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि 1937 मध्ये तुलना छापली. चिनी शीर्षकात ‘मग्ग’च्या, म्हणजे मार्गाच्या, जागी अक्षर आहे ‘दाओ’. चिनी तत्त्वज्ञ लाओत्सेचा ताओ तो हाच!

या अक्षरावरून भांडणही झालं होतं. 647 साली तांग सम्राटाने लाओत्सेचा ग्रंथ संस्कृतात आणायचं काम ह्युएनत्संगवर सोपवलं. दाओचं भाषांतर ‘बोधी’ करा, असा ताओपंथी पुरोहितांचा आग्रह. ह्युएनत्संग हटला नाही: दाओ म्हणजे ‘मार्ग’च. मला विचाराल तर बरोबर तोच होता. दुसऱ्याच्या ग्रंथाला आपल्या देव्हाऱ्यातला शब्द चिकटवला की दोन्ही बिघडतात.

बापट पुढे दिल्ली विद्यापीठात बौद्ध अध्ययन शिकवायला गेले. ‘समंतपासादिका’ या पाली टीकाग्रंथाच्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी हिराकावा या जपानी पंडितासोबत केलं, ते 1970 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापलं. तेव्हा ते पंच्याहत्तरी ओलांडलेले होते.

ह्युएनत्संगचा संस्कृत ताओ मात्र अजून कुणालाच सापडलेला नाही.