दातांची थकबाकी

आमच्या घराण्याने वारसांना दोनच गोष्टी दिल्या : मालवणातलं सामाईक घर आणि पुढे आलेले दात. घराचा दावा अजून चालू आहे. दात मात्र प्रत्येकाला बिनतक्रार मिळाले. फोटोत मी ओठ मिटून उभा असतो, त्याला लोक गांभीर्य समजतात. पण मुलगीही तोंडावर हात धरून हसू लागली, तेव्हा तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. आई म्हणाली, “दात फुडे असले तर असांदेत; माणूस मागे रवलो नाय म्हणजे झाला!”

बाईंनी दातांवर ब्रॅकेट चिकटवले, त्यांच्या खाचांतून बारीकशी तार घातली.

“एवढ्यानं काय हलणार? जाड घाला की!” मी म्हणालो.

“काका, गोल तार दुप्पट जाड केली की तिचा ताठरपणा सोळापट होतो.”

एवढं चक्रवाढ व्याज आमच्या बँकेतसुद्धा नाही! जास्त जोर लावला की दाताच्या मुळाभोवतीच्या केशवाहिन्या दबतात, रक्त अडतं आणि दात अडून बसतो. वसुलीखात्यात इतकी वर्षं काढून मला हे कळायला हवं होतं. जप्तीची नोटीस पाहून कर्जदार जागचा हलत नाही. हप्ता बांधून दिला की हळूहळू वळणावर येतो.

हे उमगायला माणसाला दोनशे वर्षं लागली. फ्रान्सच्या पिएर फोशारने १७२८ साली धातूच्या पट्टीला दात दोऱ्याने बांधायची रीत लिहून ठेवली. दाब चौरस सेंटीमीटरला २० ते २६ ग्रॅमच्या वर नको, हा हिशेब व्हिएन्नाच्या श्वार्ट्झने मांडला तो १९३२ साली. मधल्या काळात अमेरिकेच्या अँगलने १९२८ मध्ये चौकोनी खाचेतली चौकोनी तार आणली. ती सोन्याच्या मिश्रधातूची असे. पुढे पोलाद आलं. १९७० च्या दशकात निकेल-टायटेनियमची तार आली. ती खूप वाकवली तरी हलक्या जोराने पूर्ववत होते. आपल्याकडे १९६५ साली इंडियन ऑर्थोडॉण्टिक सोसायटी स्थापन झाली. तोवर आमच्या घराण्यात पुढच्या दातांवर एकच इलाज होता : मिश्या.

पण तार निवडून भागत नाही, ती बांधावीही लागते. होडी खुंटाला फार आवळली तर भरतीबरोबर तिला वर येता येत नाही. फार सैल सोडली तर भरकटते. तारेचंही तसंच. रबरी कडं तार खाचेत दाबून धरतं. मग घर्षण जोरातला आपला वाटा आधीच कापून घेतं, पगारातून कर कापतात तसा! शिवाय काही आठवड्यांत रबर ढिलं पडतं. पोलादी तारेची गाठ हवी तशी घट्ट-सैल करता येते. झाकणवाले ब्रॅकेट १९३५ पासून आहेत. प्रयोगशाळेत त्यांचं घर्षण कमी भरतं, पण त्यांनी उपचार लवकर संपतो, असं काही चाचण्यांत दिसलेलं नाही.

दोन वर्षांनी तारा निघाल्या. घरी फोटो काढला. मुलगी हसली, आणि हात खालीच राहिला.

“बाबा, आता तुम्ही!”

मी मिशी सावरली आणि उभ्या जन्माची थकबाकी एकरकमी भरून टाकली.