मुद्दल शाबूत, मोल उणे

शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवलेल्या जयसिंगपुरात छोट्या न्यासांचे हिशेब चाळताना मला एक प्रश्न पडतो: मुद्दल जपले म्हणजे दान जपले का?

कोल्हापुरात १९०१पासून महाराजांनी वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली. त्यांना रोख मदतीबरोबर जागाही दिल्या. रोकड सरते, जागा राहते.

पुढे १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने ही काळजी कायद्यात बांधली. कलम ३५ने पैसा सरकारी रोखे, बँका अशा सुरक्षित ठिकाणी ठेवायला लावला. कलम ३६ने धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना स्थावर विकण्यास मनाई केली. लबाडीपासून निधी वाचला, महागाईपासून नाही.

साधे गणित मांडू. लाखाच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी व्याज ७,००० रुपये. प्राप्तिकरातून सूट हवी तर साधारणपणे ८५ टक्के, म्हणजे ५,९५० रुपये, कार्यावर खर्चायचे; मुद्दलात पडतात १,०५०. महागाई ५ टक्के धरली, तर सुमारे १८ वर्षांत निधीचे मोल निम्मे होते. वहीत मात्र आकडा वाढलेलाच!

म्हणून ताळेबंदात एक रकाना वाढवावा, असे मला वाटते: या शिष्यवृत्तीत आज किती वह्या येतात? दात्याच्या मनात आकडा नव्हता, शिकणारे मूल होते.