सिंधी टिकाण्यातला गुरू ग्रंथ

1881 च्या जनगणनेत सिंधमध्ये 1,26,976 शीख मोजले गेले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा शिखांचा आकडा हजाराच्याही आत आला. हा फरक कुठल्या साथीमुळे किंवा लोकांनी गाव सोडल्यामुळे पडला नव्हता. माणसं तीच होती, त्यांची पूजाही तीच होती. बदलली होती ती सरकारी नोंदीची पद्धत. पहिल्या खेपेला शीख म्हणून लिहिलेले हे नानकपंथी, म्हणजे गुरू नानकांना मानणारे सिंधी, दुसऱ्या खेपेला हिंदूंच्या रकान्यात गेले.

गुरू नानकांनी शिकारपूरपर्यंत प्रवास केला, असं सिंधी परंपरा सांगते. त्यांची वाणी गावोगाव रुजवली ती मुख्यतः उदासी साधूंनी. नानकांचे थोरले पुत्र श्रीचंद यांना मानणारा हा पंथ. केस राखा, खालसाची दीक्षा घ्या, असा त्यांचा आग्रह नव्हता आणि देवमूर्तींचंही त्यांना वावडं नव्हतं. सक्कर इथे सिंधू नदीतल्या बेटावर बाबा बनखंडी यांनी 1823 मध्ये साधबेलो हे तीर्थ वसवलं. तिथे गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ होई आणि हिंदू देवतांची पूजाही होई.

अशी छोटी स्थानं सिंधमध्ये ठिकठिकाणी होती. त्यांना टिकाणा किंवा दरबार म्हणत. सरकारी कारभार पाहणाऱ्या आमिल घराण्यांतले पुरुष त्या कामासाठी फारसी शिकत, तर त्यांच्या घरच्या मुली आणि सुना टिकाण्यात गुरुमुखी लिपी गिरवत. पहाटे ग्रंथसाहिबातली जपजी आणि सवडीने सुखमनी ही वाणी वाचायची, तर ते अक्षर यायलाच हवं. चैत्रात याच घरांतून सिंधी हिंदूंचा आराध्य देव झुलेलाल याचा बहराणा निघे: पितळी थाळीत कणकेचा दिवा, खडीसाखर, फळं आणि कलश. वाजतगाजत तो नदीवर न्यायचा आणि ‘आयो लाल, झुलेलाल’ म्हणत विसर्जित करायचा. शेवटी पदर पसरून सगळ्यांच्या सुखासाठी पल्लव मागायचा. पिराच्या दर्ग्याला नवस बोलायलाही कोणाची आडकाठी नसे.

पंजाबात मात्र वारं वेगळ्या दिशेने वाहत होतं. 1905 मध्ये अमृतसरच्या हरिमंदिराच्या आवारातून मूर्ती हलवण्यात आल्या. गुरुद्वारे महंतांच्या ताब्यातून सोडवण्यासाठी शिखांनी मोठा लढा दिला, रक्त सांडलं आणि 1925 चा गुरुद्वारा कायदा मिळवला. 1945 मध्ये मान्य झालेल्या रहत मर्यादा या शीख आचारसंहितेने गुरुद्वाऱ्यात मूर्तिपूजा आणि दिव्यांची आरती निषिद्ध ठरवली. या मंथनापासून सिंधचे टिकाणे बरेचसे दूर राहिले.

फाळणीनंतर जवळजवळ लाखभर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले. 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. निर्वासितांनी बराकींमध्ये संसार मांडले आणि त्यांच्याच शेजारी दरबार उभारले. ग्रंथसाहिब मंजीवर (लहान पलंगावर) विराजमान, त्यावर रुमाला हे वस्त्र, मागे चवरी ढाळणारा सेवेकरी आणि त्याच दालनात माशावर बसलेला झुलेलाल, कधी राम-कृष्णही. त्या ग्रंथात नामदेवांची 61 पदं आहेत. पंढरपूरच्या शिंप्याची वाणी अशा रीतीने सिंधमार्गेही महाराष्ट्रात परतली.

या दोन परंपरांमधला खरा पेच आरतीच्या वेळी दिसतो. आकाश हीच थाळी आणि सूर्य-चंद्र हेच दिवे, मग वेगळी आरती कशाला, असं गुरू नानकांनी धनासरी रागातल्या आपल्या पदात सुचवलं. हे पद त्यांनी जगन्नाथपुरीत रचलं असं मानतात. गुरुद्वाऱ्यात ते गातात, पण निरांजन ओवाळत नाहीत. सिंधी दरबारात ते भक्तिभावाने गाताना हातात पेटलेल्या ज्योती असू शकतात आणि पाठोपाठ ‘ओम जय जगदीश हरे’ सुरू होतं. गाणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही. ज्याच्यासाठी ग्रंथ हा साक्षात जिवंत गुरू आहे, त्याला मात्र ती खटकते.

जानेवारी 2023 मध्ये इंदूरमध्ये हा पेच उघड्यावर आला. सिंधी मंदिरांत मूर्तींशेजारी ग्रंथसाहिब ठेवण्याला निहंग या शस्त्रधारी पंथाच्या शिखांनी आक्षेप घेतला. मर्यादा पाळा, नाहीतर ग्रंथ परत करा, असा आग्रह झाला. सिंधी मंडळींनी जड अंतःकरणाने अनेक प्रती इमली साहिब गुरुद्वाऱ्यात नेऊन पोहोचवल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्यापुढे माथा टेकला, तो ग्रंथ डोक्यावर घेऊन जाताना कित्येकांना रडू कोसळलं.

शिखांचा आग्रह पोकळ नाही. ग्रंथाचा मान राखण्यासाठी त्यांच्या पूर्वजांनी प्राणांचं मोल दिलं आहे. पण सिंधी नानकपंथीयांची भक्तीही उसनी नाही. मर्यादेच्या सध्याच्या संहितेहून ती जुनी आहे आणि देश गमावल्यावरही त्यांनी ती सोडली नाही. जिथे जागा आहे तिथे ग्रंथसाहिबासाठी स्वतंत्र दालन करावं, शीख ग्रंथींनी तिथल्या सेवेकऱ्यांना मर्यादा शिकवावी आणि शेजारच्या दालनात झुलेलालची ज्योत तेवत राहावी. हा मार्ग दोन्ही समाजांनी बसून काढायला हवा. ग्रंथ परत घेऊन वाद मिटेल, पण त्या घरांतला सुखमनीचा पाठही हळूहळू थांबेल, आणि त्यात दोघांचंही नुकसान आहे.