कुंडीने लावलेला छंद

काळादाणा आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, जुलाबासाठी. निळ्या कर्ण्यासारखी फुले येणाऱ्या एका वेलीचे ते बी. आठव्या शतकाच्या सुमारास ते चीनमार्गे जपानात पोचले, तेही औषध म्हणूनच. तिथे वेलीचे नाव पडले आसागाओ, म्हणजे ‘सकाळचा चेहरा’. हजारेक वर्षांनी, १८०४ ते १८३०च्या काळात, एदो शहरात (आजच्या टोकियोत) याच वेलीची अशी रोपे मिरवली जाऊ लागली की ती आसागाओची आहेत हे सांगावे लागे. कुणाची पाने सुईसारखी वळलेली, कुणाच्या पाकळ्यांच्या चिंध्या झालेल्या, कुणाच्या फुलातून दुसरे फूल निघालेले. श्रीमंतांचे खूळ म्हणून हा इतिहास सहसा बाजूला सारतात. मला मात्र त्याचे मूळ कुंडीत दिसते. झाड कुंडीत आले, हातभर अंतरावर आले, आणि मगच लोकांना विचित्र झाड हवेसे वाटू लागले.

एदोची वस्ती दहा लाखांच्या घरात होती. त्यातले निम्मे लोक सामान्य नागरिक, आणि त्यांच्या वाट्याला शहराची जेमतेम पंचमांश जमीन. चाळीसारख्या लांबलचक घरांच्या रांगा, पुढे बोळ. आळे करायला जागा नाही, पण उंबऱ्याशी दोन कुंड्या मावत. माळी कावडीतून रोपे घेऊन दारोदार फिरत. उत्खननात बुडाला भोक पाडलेले साधे वाडगे सापडतात. घरातल्या भांड्याचीच कुंडी झालेली! पुढे सेतोच्या भट्ट्यांतून खास रोपांसाठीच्या चिनी मातीच्या कुंड्या येऊ लागल्या. किन्ता नावाच्या माळ्याने १८२७ साली विचित्र वनस्पतींचा सचित्र ग्रंथ काढला. त्यात कुंडीवरची नक्षी पानावरच्या पट्ट्यांइतक्याच निगुतीने रेखली आहे. दोनच वर्षांनी मिझुनो तादाआकी यांचा ग्रंथ आला, सात भागांचा, मुख्यतः पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या पानांना वाहिलेला. फूल बागेच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते. पानाच्या कडेची पांढरी रेघ पाहायला जवळ जावे लागते. याची हद्द म्हणजे मात्सुबारान. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते सायलोटम म्हणून ठाऊक असते. फूल नाही, खरे मूळ नाही, पान म्हणावे असे पान नाही. नुसत्या दुफाट्यांची हिरवी केरसुणी. जमिनीत लावले तर तण समजून उपटले जाईल. १८३०च्या दशकात त्याच्या प्रकारांची स्वतंत्र पुस्तके निघाली.

यावर पहिला आक्षेप असा की ही निव्वळ सट्टेबाजी होती. सट्टा होताच. अठराव्या शतकाच्या अखेरीस ताचिबाना नावाच्या झुडपाचे भाव इतके चढले की सरकारला बंदी घालावी लागली. पण सट्टेबाजाला टिकणारा माल लागतो, आणि सर्वांत चमत्कारिक आसागाओ बीच धरत नाही. हंगाम संपला की संपला. तो पुन्हा हवा असेल तर त्याच्या साध्यासुध्या भावंडांचे बी राखून ठेवायचे, पुढल्या वर्षी ढीगभर पेरायचे आणि कोवळ्या बीजपत्रांवरूनच वेडेवाकडे रोप ओळखायचे. मेंडेलने वाटाण्यांचे निष्कर्ष मांडले १८६५ साली. एदोचे माळी त्याआधीच हा व्यवहार सांभाळत होते. एवढी चिकाटी नुसत्या पैशासाठी कोण दाखवेल?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विचित्रपणा जनुकांतून येतो, त्यात कुंडीचे काय? या वेलीत जागा बदलणारी जनुके आहेत आणि बहुतेक विकृती त्यांच्यामुळे होतात, हे आता सिद्ध झाले आहे. २०१६ साली तिचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. पण अशी रोपे औषधासाठी लावलेल्या वेलींतही अधूनमधून उगवतच असणार. बियांसाठी वेल लावणाऱ्याला बी न धरणारे रोप म्हणजे फुकटची जागा. ते जपायला नुसते बघण्यासाठी झाड ठेवणारा माणूस लागतो.

उरतो हॉलंडचा ट्यूलिप. १६३७ साली त्याचा बाजार कोसळला, आणि त्याचे चित्रविचित्र वाण वाफ्यात वाढत, कुंडीत नव्हे. हे खरेच आहे. कुंडीवाचून विचित्राची हौस होत नाही असे म्हणता येणार नाही. मात्र ट्यूलिपचे पट्टे पाकळीवर होते, भडक होते, चार पावलांवरूनही दिसत. पानाच्या वळणावर जीव टाकायला कुंडीच लागते.

टोकियोच्या इरिया भागात आजही ६ ते ८ जुलैला आसागाओचा बाजार भरतो. कुंडीत बांबूच्या कड्यांवर चढवलेले वेल असतात, फुले मात्र बहुतेक साधी, गोल आणि मोठी. चिंध्यांच्या पाकळ्यांचे वाण क्यूशू विद्यापीठाच्या संग्रहात दरवर्षी पेरून जिवंत ठेवावे लागतात.